पाच ग्रॅमचा हिशोब

मागच्या महिन्यात ऑफिसात एक जुनी सिस्टिम नव्या सर्व्हरवर हलवायचं काम आमच्या गळ्यात पडलं. कोड कुणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नाही, लिहिणारे कधीच कंपनी सोडून गेलेले. वाचता वाचता एका ठिकाणी १०० हा आकडा दिसला. एका रकमेला सरळ शंभरनं गुणलेलं. का? कॉमेंट नाही, डॉक्युमेंट नाही, काही नाही. टीममधल्या नव्या मुलीनं विचारलं, "काढून टाकू का?" मी घाईघाईनं म्हटलं, "बाई, हात लावू नकोस. त्याच्यावर काय काय उभं असेल देव जाणे!"

त्या शंभरावरून मला दुसरा एक शंभर आठवला. हा अमेरिकन कायद्यातला. तोही असाच कुणीतरी घाईत लिहून ठेवलेला. त्याचंही धड कारण कुणाला सांगता येत नव्हतं. फरक इतकाच की त्याच्यावर उभी होती ती माणसं, आणि तीही तुरुंगात. तो आकडा बदलायला २४ वर्षं लागली. बदलल्यावर जुन्या कैद्यांपर्यंत तो बदल पोचायला आणखी ८. आणि पोचल्यावर न्यायाधीश "नाही, तुमची शिक्षा कमी करत नाही" म्हणाले तर पुढे काय, हा प्रश्न उरलाच. आजची गोष्ट त्या "नाही"ची आणि त्याविरुद्ध केलेल्या अपिलांची. विकांत आहे, चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे.

सुरुवात बास्केटबॉलपासून. (माझा आणि बास्केटबॉलचा संबंध कॉलेजच्या मैदानाबाहेर उभं राहून बघण्यापुरता, पण असो.) लेन बायस हा मेरीलंड विद्यापीठाचा २२ वर्षांचा खेळाडू. १७ जून १९८६ ला बॉस्टन सेल्टिक्सनं त्याला निवडलं, देशभरातल्या मुलांत दुसऱ्या क्रमांकावर. सेल्टिक्स म्हणजे नुकतेच त्या वर्षीचे विजेते. पोराचं सोनं झालं असं सगळ्यांनी म्हणावं, तर १९ जूनच्या सकाळी तो गेला. कोकेनच्या अतिसेवनानं.

देश हादरला. त्याच सुमारास अमेरिकेच्या मोठ्या शहरांत "क्रॅक" नावाचा प्रकार पसरत होता. क्रॅक म्हणजे वेगळं काही रसायन नव्हे. कोकेनची पूड, खायचा सोडा आणि पाणी एकत्र तापवायचं, खाली खडे उरतात, ते ओढायचे. औषध तेच, फक्त धुरातून मेंदूपर्यंत झटकन पोचतं आणि एका वेळेपुरता छोटा खडा अगदी स्वस्तात मिळतो. पूड श्रीमंतांच्या पार्टीत, खडे गरीब वस्तीत, असा साधारण हिशोब. बायसनं क्रॅक ओढलं होतं असं सगळीकडे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती पूड होती. पण हे निवांतपणे तपासून बघायला वेळ कुणाला होता? नोव्हेंबरात निवडणुका होत्या. प्रतिनिधीगृहाचे सभापती टिप ओनील बॉस्टनकडचेच, त्यांच्या मतदारांच्या घरोघरी बायसचाच विषय. उन्हाळ्याच्या सुट्टीत कायद्याचे मसुदे भराभर लिहिले गेले. नेहमीच्या पद्धतीनं तज्ज्ञांना बोलावून सुनावण्या घ्यायच्या, तेही फारसं झालं नाही. २७ ऑक्टोबर १९८६ ला रोनाल्ड रेगन यांची सही झाली. बायस जाऊन जेमतेम चार महिने झाले होते.

कायदा म्हणाला: ५०० ग्रॅम कोकेनची पूड विकताना सापडलात तर कमीत कमी ५ वर्षं कैद. आणि क्रॅक असेल तर? ५ ग्रॅम. पुढची पायरी १० वर्षांची: पूड ५ किलो, क्रॅक ५० ग्रॅम. म्हणजे शंभरास एक. किराणा दुकानातली अर्ध्या किलो साखरेची पुडी एका पारड्यात आणि चहातला एक चमचा साखर दुसऱ्या पारड्यात, आणि काटा मध्ये! शंभरच का? चर्चेत २० आणि ५० हे आकडेही होते. शेवटी कोण जास्त कडक या चढाओढीत १०० जिंकला. मसुदा लिहिण्यात ज्यांचा हात होता ते संसदीय समितीचे वकील एरिक स्टर्लिंग पुढे आयुष्यभर याच कायद्याविरुद्ध बोलत राहिले. आपणच लिहिलेल्या बगची तक्रार आपणच करत फिरायचं, ही वेळ आपल्यापैकी कुणावर येऊ नये.

पुढचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ५ सप्टेंबर १९८९. अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) टीव्हीवर भाषणाला बसले आणि त्यांनी क्रॅकची एक पिशवी उचलून दाखवली. म्हणाले, ही व्हाइट हाऊससमोरच्या बागेत पकडली आहे. लोक गार! मागाहून कळलं ते असं: भाषणात दाखवायला काहीतरी हवं म्हणून एका १८ वर्षांच्या शाळकरी पोराला सरकारी माणसांनीच गिऱ्हाईक बनून त्या बागेत बोलावून घेतलं होतं. त्या बिचाऱ्याला व्हाइट हाऊस कुठे आहे हेही धड माहीत नव्हतं. खटल्यात त्या बागेतल्या विक्रीवर ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण आधीच्या विक्रींबद्दल तो दोषी ठरला आणि किमान शिक्षेप्रमाणे १० वर्षं लागली. न्यायाधीश स्टॅन्ली स्पोर्किन यांना ती शिक्षा देववत नव्हती, पण कायद्यानं हात बांधलेले. अध्यक्षांकडेच दया मागून बघ, असं त्यांनी त्या मुलाला सुचवलं. ज्यांना भाषणासाठी त्याची पिशवी लागली होती त्याच अध्यक्षांकडे.

आता जरा यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपल्याकडे शिक्षेत सूट म्हटलं की आठवतात स्वातंत्र्यदिनाला किंवा गांधीजयंतीला सुटणारे कैदी. ती सूट मुख्यतः सरकार देतं. अमेरिकेतही पूर्वी पॅरोल बोर्ड होतं, ते बघायचं की माणूस सुधारलाय का, सोडायचा का. पण १९८४ च्या कायद्यानं केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल, गुन्ह्यांसाठी पॅरोल रद्द करायचं ठरलं आणि १ नोव्हेंबर १९८७ पासून ते अमलात आलं. त्याच्या जागी आला एक तक्ता. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या गंभीरपणाच्या ४३ पायऱ्या, आडव्या बाजूला आधीच्या गुन्ह्यांचे ६ गट. दोन्हींचा छेद जिथे होतो तिथे महिन्यांत उत्तर, समजा २६२ ते ३२७. लुकअप टेबल! प्रोग्रामरच्या डोळ्यांत पाणी यावं इतकं देखणं. आणि त्या टेबलात अमली पदार्थांचं वजन घालताना कायद्यातला शंभरास एक हा हिशोब जसाच्या तसा भरला गेला.

आणि दार बंद. कायदा स्पष्ट सांगतो की एकदा दिलेली शिक्षा न्यायाधीशानं पुन्हा उघडायची नाही. अपवाद मोजके. त्यातला एक आपल्या कामाचा: तक्ता बनवणाऱ्या आयोगानं पुढे तक्ताच खाली आणला आणि तो बदल जुन्या कैद्यांनाही लागू केला, तर कैदी मूळ कोर्टाकडे अर्ज करू शकतो की माझी शिक्षा कमी करा. अर्जाला वकील मिळेलच असं नाही. बरेच जण स्वतःच लिहितात, तुरुंगाच्या लायब्ररीत बसून.

आणि अर्ज फेटाळला तर अपील. त्याला मुदत १४ दिवस. चौदाच. कैदी काही स्वतः टपालपेटीपर्यंत जाऊ शकत नाही, कागद तुरुंगाच्या माणसाच्या हातात द्यायचा आणि देवाला हात जोडायचे. यावरही एक मजेशीर निकाल आहे. टेनेसीतल्या एका कैद्यानं १९८६ मध्ये (त्याचं प्रकरण वेगळं, त्याला मुदत ३० दिवसांची) अपिलाचा कागद २७ व्या दिवशी तुरुंगात दिला. कोर्टाच्या कारकुनाचा शिक्का पडला ३१ व्या दिवशी. एक दिवस उशीर, अपील बाद! तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला. तेव्हापासून नियम असा, की कैद्यानं कागद तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात दिला की तो कोर्टात पोचला असं समजायचं. एका दिवसासाठी देशाच्या सर्वोच्च कोर्टातले चार न्यायमूर्ती "नाही" म्हणायला तयार होते हे मला अजून गिळता येत नाही. असो.

तर तो शंभर. १९९५ मध्ये आयोगानं स्वतःच सुचवलं की हा फरक काढून टाका, तक्त्यात पूड आणि क्रॅक सारखंच धरा. संसदेनं नाही म्हटलं आणि बिल क्लिंटन यांनी त्या नकारावर सही केली. आयोगाची दुरुस्ती संसदेनं फेटाळण्याची ही पहिलीच वेळ. क्रॅकच्या खटल्यांतले ८० टक्क्यांहून जास्त आरोपी कृष्णवर्णीय असायचे, हे तोपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं होतं.

पुढे २००७ मध्ये आयोगानं तक्ता दोन पायऱ्या खाली आणला. कायदा तोच, फक्त तक्ता थोडा हलका. आणि हा बदल मार्च २००८ पासून जुन्या कैद्यांनाही लागू केला. अर्जांचा पाऊस पडला. १६ हजारांच्या वर लोकांची शिक्षा कमी झाली, सरासरी दोन वर्षांहून जास्त. त्या गर्दीत पर्सी डिलन नावाच्या कैद्याचा अर्ज होता. याची केस जरा सावकाश सांगतो.

१९९३ मध्ये त्याला ३२२ महिने झाले होते. म्हणजे २६ वर्षं १० महिने. त्यातले ६० बंदुकीचे आणि २६२ तक्त्याचे. शिक्षा देताना न्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं होतं की मला स्वतःला एवढी शिक्षा योग्य वाटत नाही, पण तक्ता मला बांधून ठेवतो. मध्यंतरी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका वेगळ्याच खटल्यात सांगून टाकलं की तक्ता बंधनकारक नाही, सल्ल्यासारखा धरा. आता २००८ नंतर डिलनचा अर्ज आला. नव्या तक्त्याप्रमाणे २६२ चे २१० होत होते, अधिक ६०, म्हणून २७० करून दिले. तो म्हणाला, अहो, तक्ता आता सल्ला आहे ना? मग माझी शिक्षा पुन्हा उघडलीच आहे तर २१० च्याही खाली या. तुमच्याच न्यायाधीशांना तेव्हा ती जास्त वाटत होती! खालचं कोर्ट म्हणालं, आमच्या हातात नाही. अपिलात तेच. जून २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध १ मतांनी तेच सांगितलं: ही नव्यानं शिक्षा ठरवण्याची संधी नव्हे. दार फटीएवढंच उघडलंय, तेवढ्यातून जेवढं आत येईल तेवढंच. विरोधातलं एकमेव मत जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं. वय ९०, निवृत्तीला दोन आठवडे राहिलेले.

तर्काच्या बाजूनं बघितलं तर बहुमताला खोटं ठरवणं अवघड आहे, हे मी कबूल करतो. कायद्यात तसंच लिहिलंय. पण १९९३ मध्ये "माझे हात बांधलेत" म्हणणाऱ्या न्यायाधीशाला, हात मोकळे झाल्यावर सतरा वर्षांनी "या प्रकारच्या अर्जात मात्र ते बांधलेलेच समजा" असं सांगायचं... काय म्हणावं?

डिलनचा निकाल लागून दीड महिना झाला आणि ३ ऑगस्ट २०१० ला बराक ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. शंभर गेला, अठरा आला. ५ ग्रॅमच्या जागी २८ ग्रॅम, ५० च्या जागी २८०. (२८ ग्रॅम म्हणजे साधारण एक औंस, एवढंच त्या अठराचं गुपित. एक का नाही? कारण तडजोड.) पण हा बदल मागे लागू होईल असं कायद्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. आणि तिथे १८७१ सालचा एक कायदा अंगठा दाखवत उभा होता: नवा कायदा आला म्हणून जुन्या कायद्याखालची शिक्षा आपोआप पुसली जात नाही, तसं स्पष्ट लिहावं लागतं. डिफॉल्ट व्हॅल्यू! दीडशे वर्षं कुणी हात न लावलेली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं, पुन्हा ५ विरुद्ध ४, एवढं मिळवून दिलं की गुन्हा आधीचा असला तरी शिक्षा ३ ऑगस्टनंतर सुनावली असेल तर नवा आकडा. २ ऑगस्टला शिक्षा सुनावली गेली असेल तर? नशीब तुमचं.

आपल्या भाषेत, नव्या रेकॉर्डसाठी बग फिक्स झाला, जुना डेटा तसाच राहिला. बॅकफिल झालं नाही. जुना डेटा रोज सकाळी उठून गजांआड हजेरी देत होता.

ते बॅकफिल झालं २१ डिसेंबर २०१८ ला. डोनाल्ड ट्रम्प यांची सही, दोन्ही पक्षांचा पाठिंबा, फर्स्ट स्टेप कायदा. त्याचं ४०४ वं कलम म्हणतं की क्रॅकच्या जुन्या कैद्यांनी मूळ कोर्टाकडे अर्ज करावा, आणि २०१० चा कायदा तेव्हा असता असं समजून कोर्ट शिक्षा कमी करू शकेल. चार हजारांहून जास्त लोकांची शिक्षा कमी झाली, सरासरी सुमारे सहा वर्षांनी. सहा वर्षं! पहिलीतलं पोर सातवीत जातं तेवढा काळ.

पण त्याच कलमात दोन वाक्यं आणखी होती. एक, शिक्षा कमी करायलाच हवी असं बंधन कोर्टावर नाही. दोन, अर्ज पूर्ण विचारांती एकदा फेटाळला की दुसरा करता येणार नाही. ही दोन वाक्यं एकत्र वाचा. संधी एकच, आणि ती देणं न देणं न्यायाधीशाच्या मर्जीवर. म्हणून मग "नाही" आल्यावर अपील हेच उरतं. आणि अपिलातलं वरचं कोर्ट "आम्ही असतो तर काय केलं असतं" ते बघत नाही. खालच्या न्यायाधीशानं आपला अधिकार वाजवी रीतीनं वापरला का, एवढंच बघतं. मर्जीविरुद्ध अपील करणं किती कठीण, ते अप्रेझलनंतर मॅनेजरच्या मॅनेजरकडे गेलेल्यांना विचारा :) (थट्टा सोडा. त्याची आणि याची बरोबरी नाही, कळतंय मला.)

मर्जी असली तरी कारण तर सांगाल की नाही? हा प्रश्न त्याच वर्षी, कायदा येण्याच्या सहा महिने आधी, सुप्रीम कोर्टासमोर येऊन गेला होता. न्यू मेक्सिकोमधली केस, क्रॅकची नव्हे, मेथची. कैद्याला तक्त्यातली सगळ्यात कमी म्हणजे १३५ महिने शिक्षा झालेली. पुढे तक्ता खाली आला, १०८ ते १३५ झाला. तो म्हणाला, तेव्हा तळाची शिक्षा दिलीत, आताही तळाचीच द्या, १०८. न्यायाधीशांनी दिली ११४. का? कारण नाही. एओ २४७ नावाचा एक छापील फॉर्म असतो. त्यावर खूण केली, आकडा भरला, सही. अर्ज आणि संबंधित बाबी विचारात घेतल्या, असं छापील वाक्य तेवढं त्यावर होतं. १०८ आणि ११४ मध्ये सहा महिने. त्या सहा महिन्यांचं कारण विचारायला तो माणूस वॉशिंग्टनपर्यंत गेला आणि १८ जून २०१८ ला ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. स्टीफन ब्रेयर यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: मूळ शिक्षा देणारे न्यायाधीश तेच, तेव्हा त्यांनी कारणं सांगितली होती, प्रकरण साधं आहे, एवढं पुरे. प्रत्येक वेळी पुरेल असं नाही, पण इथे पुरे.

मला हे पटत नाही. कोर्टांवर कामाचा डोंगर आहे, मान्य. पण आमच्याकडे कोडमधली एक ओळ बदलली तरी "का" लिहिल्याशिवाय कमिट होत नाही. इथे तर माणसाचे सहा महिने होते.

आता तारारिक टेरीची केस. ही मला सगळ्यात जास्त लागली. २००८ मध्ये फ्लोरिडात त्याच्याकडे सापडलं ३.९ ग्रॅम क्रॅक. चार ग्रॅमही नाही. पण आधीचे गुन्हे असल्यामुळे तो तक्त्यात "सराईत गुन्हेगार" या खान्यात गेला आणि शिक्षा झाली १८८ महिने, म्हणजे १५ वर्षं ८ महिने. फर्स्ट स्टेप आल्यावर त्यानं अर्ज केला. उत्तर: तू पात्रच नाहीस. अपील, तेही फेटाळलं. मग सुप्रीम कोर्ट.

का पात्र नाही, ते बघा. जुन्या कायद्यात तीन कप्पे होते. ५० ग्रॅम आणि वर, ५ ग्रॅम आणि वर, आणि तिसरा, वजन कितीही असो, ० ते २० वर्षं. २०१० च्या कायद्यानं ५० चे २८० केले, ५ चे २८ केले. तिसऱ्या कप्प्यात आकडाच नव्हता, म्हणून तिथे बदलायला काही नव्हतं. ० ते २० चे ० ते २० च राहिले. आणि ४०४ कलम म्हणतं की ज्या गुन्ह्याची शिक्षा २०१० च्या कायद्यानं बदलली त्यांनीच अर्ज करावा. म्हणजे ज्यानं ६० ग्रॅम विकलं तो पात्र, ज्यानं ३० विकलं तो पात्र, आणि ज्याच्याकडे ३.९ ग्रॅम होतं तो मात्र अपात्र! ज्यांनी हे कलम संसदेत आणलं ते दोन्ही पक्षांचे सिनेटर कोर्टाला लिहून सांगत होते की अहो, आम्हाला असं म्हणायचं नव्हतं. खुद्द सरकारनं, म्हणजे बायडन यांच्या नव्या सरकारनं, म्हणणं मांडायची मुदत होती त्याच दिवशी बाजू बदलली आणि टेरीचं बरोबर आहे असं कळवलं. आता विरोधात बोलणारं कुणी उरलंच नाही! कोर्टाला त्यासाठी बाहेरचा एक वकील नेमावा लागला. सुनावणी पुढे गेली, ४ मे २०२१ ला फोनवरून झाली (कोविडचे दिवस), कारण टेरीची शिक्षा त्याच सप्टेंबरात तशीही संपणार होती.

१४ जून २०२१. निकाल ९ विरुद्ध ०. टेरी हरला. क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं की शिक्षा बदलली का हे बघायचं, तर इथे ती बदललेली नाही, विषय संपला. त्यांनी पार्श्वभूमी सांगताना १९८६ च्या कायद्याला तेव्हा कृष्णवर्णीय नेत्यांपैकीही काहींचा पाठिंबा होता हे आवर्जून नोंदवलं. सोनिया सोटोमायॉर निकालाशी सहमत झाल्या, पण एवढ्या भागावर त्यांनी सही केली नाही. हा इतिहास अपुरा आणि धुऊनपुसून ठेवलेला आहे, अशा अर्थाचं वेगळं मत जोडलं आणि दुरुस्ती संसदेनंच करावी असं म्हणून थांबल्या. तीन महिन्यांनी प्रतिनिधीगृहानं पूड आणि क्रॅकमधला फरक पुरता काढणारं विधेयक ३६१ विरुद्ध ६६ मतांनी मंजूरही केलं. सिनेटमध्ये ते अडकलं ते अडकलंच.

शेवटची केस मॅसॅच्युसेट्सची, कार्लोस कॉन्सेप्शियन. ५ ग्रॅमच्या वरचं क्रॅक विकल्याचा गुन्हा त्यानं २००७ मध्ये कबूल केला, २००९ मध्ये शिक्षा झाली २२८ महिने. एकोणीस वर्षं. तोही सराईताच्या खान्यातला. ते खानं नसतं तर तक्त्यात ५७ ते ७१ आले असते, त्यामुळे झाले २६२ ते ३२७. २०१९ मध्ये त्यानं वकिलाशिवाय स्वतः अर्ज केला. सरकारी वकील म्हणाले, नवा कायदा लावला तर तक्ता १८८ ते २३५ होतो, याचे २२८ त्यातच बसतात, मग कमी कशाला करायचं? मग त्याला वकील मिळाले आणि त्यांनी दोन मुद्दे पुढे ठेवले. एक, मधल्या काळात "सराईत" या शब्दाची व्याख्याच बदलली आहे. आज शिक्षा झाली असती तर हा त्या खान्यात बसलाच नसता. दोन, हा माणूस आता २००७ चा राहिलेला नाही. व्यसनमुक्तीचे आणि कामधंद्याचे वर्ग त्यानं केलेत, तुरुंगातल्या धर्मगुरूंचं पत्र आहे, बाहेर आल्यावर काय करणार त्याची तयारी आहे.

कोर्टानं अर्ज फेटाळला. फक्त २०१० चा कायदा बघायचा, बाकी काही आम्ही विचारात घेणार नाही. अपिलात तीन न्यायाधीशांत फूट पडली, पण बहुमत तेच म्हणालं.

२७ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ५ विरुद्ध ४. लिहिणाऱ्या सोटोमायॉर. त्यांच्या बाजूला ब्रेयर आणि केगन, आणि चक्क थॉमस आणि गॉर्सच! (कुठला न्यायमूर्ती कुठल्या पक्षाचा हे धरून निकालाचा अंदाज बांधणाऱ्यांची अशा वेळी पंचाईत होते.) त्यांचं म्हणणं साधं होतं. शिक्षा ठरवताना न्यायाधीशानं सबंध माणूस बघायचा ही जुनी परंपरा आहे, आणि संसदेनं ती इथे कुठेही बंद केलेली नाही. कैद्यानं मांडलेला वाजवी मुद्दा न्यायाधीशानं विचारात घ्यायलाच हवा. तो पटलाच पाहिजे असं नाही, लांबलचक कारणमीमांसाही नको, पण "हे आम्ही बघणारच नाही" हे चालणार नाही.

ब्रेट कॅव्हनॉ यांचं विरोधी मत मी मुद्दाम नीट वाचलं, कारण आपल्याला आवडलेल्या निकालाची दुसरी बाजू आपण सहसा वाचतच नाही. ते म्हणतात, हे कलम क्रॅकचा आकडा दुरुस्त करायला होतं. आता क्रॅकच्या कैद्याला त्याच्याशी संबंध नसलेल्या बाकीच्या बदलांचाही फायदा मिळणार, आणि शेजारच्या कोठडीतल्या पुडीवाल्याला, ज्याची व्याख्या तशीच बदललीय, त्याला मात्र मिळणार नाही. हा मुद्दा खोटा नाही. पण त्याचा उपाय शेजारच्यालाही अर्ज करू द्यावा हा असायला हवा, असं मला वाटतं.

कॉन्सेप्शियनची शिक्षा सुप्रीम कोर्टानं कमी केली का? नाही. ते त्यांच्यासमोर नव्हतंच. त्यांनी प्रकरण मागे पाठवलं, आणि सांगितलं की या अर्जात काय काय म्हटलंय ते आधी विचारात घ्या, मग हवं तर पुन्हा "नाही" म्हणा.